हरण्याचे कारण : चौकाबाऱ्यापासून टेट्रिसपर्यंत

व्हिडिओ गेम कालातीत कशामुळे होतो, असा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा चित्रांच्या सफाईकडे, संगीताकडे किंवा बालपणीच्या आठवणींकडे वळते; परंतु खेळाच्या दीर्घायुष्याचा हिशेब या तिन्हींतून लागत नाही. चित्रांची सफाई काही वर्षांतच शिळी होते, संगीत खेळाविनाही ऐकता येते, आणि आठवणींचा आधार त्या त्या पिढीपुरताच असतो. २०१० नंतर जन्मलेल्या मुलाला १९८५ सालच्या खेळाविषयी हुरहूर वाटण्याचे काहीच कारण नसते, तरीही 'सुपर मारिओ ब्रदर्स' हाती आल्यावर ते मूल सहज खाली ठेवत नाही, यामागचे कारण खेळाच्या बांधणीतच शोधावे लागते. अशा शोधासाठी हुबळी-धारवाड हे जोडशहर सोयीचे आहे. कारण संगणकाच्या कितीतरी आधीचे पटावरचे खेळ येथील कन्नड आणि मराठी घरांना अजून ठाऊक आहेत, आणि त्याच घरांतील मुले मोबाईलच्या पडद्यावर वाढत आहेत, त्यामुळे जुन्या आणि नव्या खेळांची तुलना एकाच ओसरीवर करता येते.

दिवाळीच्या अंकात हा विषय अगदीच अस्थानी नाही. बलिप्रतिपदेला जुन्या ग्रंथांत द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, आणि त्या दिवशीच्या खेळाचा संबंध शिव-पार्वतीच्या द्यूताशी जोडला जातो. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत हा प्रसंग कोरलेला आहे. हुबळीपासून दीडेकशे किलोमीटरांवर असलेल्या हंपीत देवळांच्या आणि मंडपांच्या दगडी फरशीवर खेळांचे पट कोरलेले सापडतात. ते पट राजाज्ञेने कोरले गेले असतील असे मानण्याचे कारण नाही. रिकाम्या वेळी कोणीतरी छिन्नी चालवली आणि पुढच्यांनी त्यावर खेळून ते वापरात ठेवले, एवढाच तर्क पुरेसा आहे.

धारवाडकडच्या खेळांतील चौकाबारा बारकाईने पाहण्याजोगा आहे. महाराष्ट्रात काही ठिकाणी त्यालाच चल्लस-आठ म्हणतात. पाच ओळी आणि पाच स्तंभ मिळून २५ घरांचा पट खडूने जमिनीवर आखला जातो. बाहेरच्या कडेची १६ घरे, त्यांच्या आत ८ घरांचे दुसरे कडे आणि मधोमध एक घर, अशी त्याची रचना असते. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर फुली मारलेली असते, आणि फुलीच्या घरात बसलेली सोंगटी कोणी मारू शकत नाही. सोंगट्या म्हणून खडे, चिंचोके किंवा फुटक्या बांगड्यांचे तुकडे चालतात, आणि फाशांऐवजी चार कवड्या टाकल्या जातात. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकी घरे सोंगटी पुढे जाते. चारही उताण्या पडल्या तर चार, म्हणजे चौका, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ, म्हणजे बारा, आणि या दोन्ही दानांना आणखी एक डाव मिळतो. सोंगट्या बाहेरच्या कड्यातून एका दिशेने फिरतात, आतल्या कड्यात शिरल्यावर उलट्या दिशेने फिरतात आणि शेवटी मधल्या घरात पोहोचतात.

प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याचा संभव सारखा धरला, तर चार कवड्यांच्या १६ शक्यतांपैकी दोनाचे दान ६ वेळा येते, एकाचे आणि तीनाचे प्रत्येकी ४ वेळा, आणि चौका व बारा प्रत्येकी एकदाच. याचा अर्थ असा की जिचा पाठलाग करणारी सोंगटी बरोबर दोन घरे मागे आहे ती सर्वाधिक धोक्यात असते, चार घरे मागे असलेल्या शत्रूचे भय त्या मानाने बरेच कमी असते, आणि आठ डावांत सरासरीने एकदा जादा डाव मिळतो. हा हिशेब कागदावर कोणी मांडत नाही. तरीही दहा-बारा पट खेळलेली मुलगी शत्रूच्या दोन घरे पुढे थांबायचे टाळते, कारण पटाने ते तिला हरवून हरवून शिकवलेले असते. खऱ्या कवड्या गणितातल्या कवड्यांइतक्या समतोल नसतात आणि प्रत्येक घरातील जोडी थोडी वेगळी पडते, हे त्या शिक्षणाचे आणखी एक अंग.

या खेळातील सर्वांत चतुर नियम मात्र निराळाच आहे. प्रतिस्पर्ध्याची किमान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या कड्यात प्रवेश मिळत नाही. हा नियम नसता तर शहाणा खेळाडू फुलीच्या घरांवरून फुलीच्या घरांवर सरकत, कोणाच्याही वाटेला न जाता, निमूटपणे मध्यापर्यंत पोहोचला असता आणि पट कंटाळवाणा झाला असता. या एका अटीमुळे प्रत्येकाला कधी ना कधी सुरक्षित घर सोडून शिकारीला बाहेर पडावे लागते, म्हणजेच स्वतः शिकार होण्याचा धोका पत्करावा लागतो. आजच्या गेम-रचनाकारांना खेळाडूने कोपऱ्यात दबा धरून बसू नये म्हणून जे उपाय योजावे लागतात, उदाहरणार्थ 'बॅटल रॉयल' प्रकारातील खेळांमध्ये हळूहळू आकुंचन पावणारे रणांगण, त्यांचेच काम हा एका ओळीचा नियम खडूच्या पटावर करतो.

उत्तर कर्नाटकातील आणखी दोन खेळांचा उल्लेख येथे पुरेसा आहे. अळगुळी मणे या खेळात लाकडी पाटावर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतात, आणि चिंचोके किंवा गुंजा एका खळग्यातून उचलून पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचे असते. यात नशिबाचा अंशही नसतो, सगळे समोर उघडे असते, आणि हरणाऱ्याला दोष देण्यास स्वतःखेरीज कोणी उरत नाही. हुली-कुरी, म्हणजे वाघ आणि मेंढ्या, या खेळात दोन्ही बाजूंची ताकद मुळातच विषम असते, कारण मोजके वाघ उड्या मारून मेंढ्या खातात आणि संख्येने पुष्कळ असलेल्या मेंढ्या वाघांना कोंडतात. एकाच पटावर दोन वेगळे खेळ खेळल्याचा अनुभव त्यातून मिळतो.

खेळ म्हणजे काय, याची एक मार्मिक व्याख्या तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ सालच्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात मांडली. अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, असा तिचा आशय आहे. चौकाबाऱ्यात सोंगटी हाताने उचलून थेट मधल्या घरात ठेवण्यास काहीच अडचण नसते. तसे न करता कवड्यांच्या मर्जीने फेरा घालणे सर्वांनी मान्य केलेले असते, आणि त्या मान्यतेतच खेळ असतो. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी याला दुसरी बाजू जोडली. आव्हान कौशल्याहून फार मोठे असेल तर माणूस धास्तावतो, फार लहान असेल तर कंटाळतो, आणि दोन्ही तोलात असतील तेव्हा त्याला वेळेचे भान उरत नाही. या तल्लीन अवस्थेला त्यांनी 'फ्लो', म्हणजे प्रवाह, असे नाव दिले. दोन्ही सिद्धांत उपयुक्त आहेत, परंतु खेळ तीस-चाळीस वर्षे का टिकतो याचे उत्तर त्यांतून पूर्णपणे मिळत नाही, कारण दोघांचाही भर खेळ चालू असतानाच्या क्षणांवर आहे. टिकाऊपणाची खरी परीक्षा डाव हरल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत होते. हरलेल्याला आपण का हरलो हे लख्ख कळले, किंवा निदान कळल्यासारखे वाटले, आणि पुन्हा सुरुवात करण्यास फार खर्च पडत नसला, तर तो पुन्हा खेळतो. हरण्याचे कारण धूसर राहिले तर खेळ कितीही देखणा असला तरी बाजूला पडतो.

ही कसोटी व्हिडिओ गेमला लावण्यापूर्वी ते भारतीय घरांत कोणत्या वाटेने आले हे ध्यानात घ्यावे लागते. १९९० च्या दशकात निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला भारतीय बाजारपेठांत आल्या. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट आणि वर खोचायची 'कॅसेट' असे त्यांचे रूप होते. कॅसेटवर शेकडो, कधी हजारो खेळांचा दावा छापलेला असे, प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू होऊन यादी लांबवीत असत. त्या गर्दीतून मुलांनी निवडून पुन्हा पुन्हा लावलेले खेळ मात्र थोडेच होते, आणि 'मारिओ' व 'कॉन्ट्रा' त्यांत अग्रभागी होते. जाहिरात, पुस्तिका किंवा समीक्षा यांपैकी काहीही मुलांपर्यंत पोहोचत नव्हते, सूचना परक्या भाषेत होत्या. म्हणून ही निवड म्हणजे खेळांच्या अंगभूत गुणांची एक नकळत झालेली चाचणीच म्हणावी लागेल.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ मध्ये घडवला. त्याची पहिली पातळी सूचनांचा एक शब्दही न वापरता खेळाडूला शिकवते. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला, उजवीकडे तोंड करून उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कोठे जायचे हा प्रश्नच उरत नाही. थोड्याच अंतरावर प्रश्नचिन्हाचा चमकता ठोकळा दिसतो आणि समोरून एक बुटका शत्रू चालत येतो. त्याला धडकले की मरण येते, पण तोपर्यंत गेलेला वेळ इतका अल्प असतो की ते मरण म्हणजे केवळ एक धडा ठरते. पुढे ठोकळ्यातून निघालेली अळिंबी घरंगळत जाते, हिरव्या नळाला आपटते आणि परत खेळाडूच्याच दिशेने येते, म्हणजे ती घ्यायची वस्तू आहे हे टाळू म्हटले तरी टाळता येत नाही. या पातळीच्या उत्तरार्धात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन जिन्यांवरून उडी मारायची असते आणि त्यांच्या मधे भक्कम जमीन असते. लगेच पुढे तशीच रचना पुन्हा येते, मात्र या वेळी मधे खड्डा असतो. जी उडी पहिल्यांदा चुकली तरी चालत होते तीच दुसऱ्यांदा चुकली तर जीव जातो. खड्ड्यात पडलेल्या मुलाला पूर्वतयारीची संधी मिळाली नव्हती अशी तक्रार करता येत नाही, आणि ते ती करतही नाही. ते कळ पुन्हा दाबते.

कळ दाबण्याच्या क्रियेतच या खेळाचे दुसरे मर्म आहे. फॅमिकॉम यंत्र पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटवते, म्हणून बोट आणि उडी यांच्यामध्ये जाणवण्याइतका विलंब राहत नाही; शिवाय कळ जितका वेळ दाबून धरावी तितकी उडी उंच जाते, आणि हवेत असतानाही दिशा थोडी बदलता येते. वास्तवात कोणीही हवेत दिशा बदलू शकत नाही, परंतु हा भौतिकशास्त्राचा भंग खेळाडूच्या बाजूचा असल्यामुळे उडी त्याच्या मालकीची वाटते. एवढे सगळे सुमारे ४० किलोबाइटांत मावले आहे, आणि जागा वाचवण्यासाठी आकाशातले ढग व जमिनीवरची झुडपे एकाच चित्राला दोन रंग देऊन काढलेली आहेत. 'कॉन्ट्रा'चे आकर्षण मात्र निराळे होते. दोघांना एकाच वेळी खेळता येत असल्यामुळे शेजारच्या मित्राला रिमोट देण्याचे ते निमित्त होते, आणि पडद्यावर एकाने घाई केली की दुसरा मागे राहून मरत असे, हा भांडणाचा विषय खेळाइतकाच लांबत असे.

यंत्राच्या मर्यादेने खेळाला गुण दिल्याचे एक जुने उदाहरण 'स्पेस इन्व्हेडर्स' हे आहे. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या या खेळात ५५ परग्रहवासी रांगांनी खाली उतरतात, आणि जसजसे ते मारले जातात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. हा वेग मुळात योजलेला नव्हता. कमी आकृत्या काढायच्या राहिल्या की संथ प्रोसेसरचे काम हलके होई आणि पडदा भरभर हले. निशिकादो यांनी तो दोष न काढता ठेवून दिला, आणि खेळाडू जितका यशस्वी तितके त्याचे काम अवघड, असा तोल आपोआप साधला. दोन वर्षांनी आलेल्या 'पॅक-मॅन' मध्ये तोरु इवातानी यांनी चार भुतांना चार स्वभाव दिले : लाल भूत सरळ पाठलाग करते, गुलाबी खेळाडूच्या पुढची जागा अडवते, निळ्याची चाल लाल भूत कोठे आहे त्यावरही ठरते, आणि नारिंगी जवळ आले की माघार घेते. भुतांची वागणूक नियमबद्ध असल्यामुळे ती शिकता येते, पाठ करता येते आणि हरल्यावर आठवूनही पाहता येते. या खेळाच्या अधिकृत मोबाईल आवृत्तीवर पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने काम केलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते.

'टेट्रिस' हा या साऱ्या विवेचनाचा कळस मानावा लागतो. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात रचला. ज्या एलेक्ट्रोनिका ६० यंत्रावर तो घडला त्यावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले गेले. म्हणजे चित्रसौंदर्य पूर्णपणे वजा केल्यावरही तो खेळ खिळवून ठेवीत होता. प्रेरणा पाच चौकोनांच्या आकारांची होती, परंतु असे आकार १२ होतात आणि डोक्यात ठेवणे जड जाते, म्हणून त्यांनी चार चौकोनांचे ७ आकार घेतले. १० घरे रुंद आणि २० घरे उंच अशा पेटीत ते वरून पडतात, आडवी ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते, आणि वेग वाढत जातो. सारे नियम एवढेच. यात शत्रू नाही, कथा नाही, आणि अंतिम विजयही नाही, कारण दोन विशिष्ट नागमोडी आकार आलटून पालटून येत राहिले तर कितीही कुशल खेळाडू अखेरीस हरतोच, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. नीट भरलेली ओळ नाहीशी होते आणि चुकलेली ओळ तशीच राहते, त्यामुळे पडद्यावर नेहमी खेळाडूच्या चुकांचेच संग्रहालय उभे असते. हरण्याचे कारण इतक्या ढळढळीतपणे समोर मांडणारा दुसरा खेळ दाखवणे कठीण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने या खेळाची १९८९ सालची निन्टेन्डो आवृत्ती १५७ व्या पातळीपर्यंत नेली आणि तेथे यंत्रच थिजले. खेळ त्या मुलाच्या जन्माच्या दोन दशके आधीचा होता.

मोबाईलवरचा 'स्नेक', जो तानेली आर्मान्तो यांनी १९९७ मध्ये नोकिया ६११० साठी लिहिला, याच कुळातला आहे. सापाला अडवणारी भिंत त्याचेच वाढलेले शरीर असते, म्हणजे यशच अडथळा बनते. पुढे विजेरीसह आलेल्या नोकिया ११०० मुळे तो खेळ भारतातील गावोगावी पोहोचला. आज हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामी स्थानकाच्या १५०७ मीटर लांब फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या हाती अनेक पटींनी समर्थ यंत्रे असतात, तरी दोन मिनिटांत सुरू होऊन दोन मिनिटांत संपणारा खेळ हीच त्यांची गरज असते, आणि ती गरज भागवण्याचा नमुना त्या करड्या-हिरव्या पडद्याने घालून दिला होता.

पटावरचा खेळ पडद्यावर जाऊन किती फोफावतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. लुडो हे पचिशीचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये झालेले सोपे रूप आहे, त्यामुळे मूळचा भारतीय खेळ विलायतेची वारी करून मोबाईलवर परतला असे म्हणता येते. त्याच टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनवर 'महाभारत' पुन्हा दाखवले जात होते. हस्तिनापुरातील द्यूतसभा टीव्हीवर आणि फासे हातातील फोनवर, असे दृश्य अनेक घरांत एकाच वेळी दिसले असणार. या रूपांतरात एक गोष्ट मात्र गमावली गेली. कवड्या डोळ्यांदेखत पडतात, पडद्यावरचा फासा कोठून येतो ते दिसत नाही; म्हणून सहाचे दान वारंवार दुसऱ्यालाच मिळाले की खेळाडू यंत्रावर कपटाचा संशय घेतो, आणि शकुनीच्या गोष्टीवर वाढलेल्या समाजात तो संशय लवकर रुजतो.

अलीकडच्या अनेक फुकट खेळांत हरण्याचे कारण मुद्दाम धूसर ठेवलेले आढळते. अमुक पातळी का अडली, कौशल्य कमी पडले म्हणून की पैसे न भरल्यामुळे, हे खेळाडूला कळू नये अशीच त्यांची रचना असते. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस आणि चुकवल्याची हानी यांवर त्यांचा भर असतो. अशा खेळांना ग्राहक पुष्कळ मिळतात, वारसदार मिळत नाहीत. पैसे लावून खेळण्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. त्यावर कर्नाटकाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यातील मुख्य तरतुदी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभर अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

टिकाऊपणाला दुसरा धोका सर्व्हरचा आहे. सर्व्हर म्हणजे कंपनीच्या ताब्यातील दूरस्थ संगणक, ज्याच्या आधारावर ऑनलाइन खेळ चालतो. 'पब्जी मोबाईल' वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, त्याची भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली; या सगळ्यात खेळाडूंच्या कौशल्याचा किंवा आवडीचा काही संबंध नव्हता. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. चौकाबाऱ्याला असा धोका संभवत नाही, कारण त्याची संपूर्ण आज्ञावली आजीच्या डोक्यात मावते.

मात्र डोक्यात मावणारी आज्ञावली प्रत्येक डोक्यात थोडी निराळी असते, आणि चौकाबारा पडद्यावर आणू पाहणाऱ्या रचनाकाराची खरी अडचण येथे सुरू होते. कोठे पट सात ओळींचा असतो, कोठे लागोपाठ तीन चौके पडले तर डाव वाया जातो. एका फुलीवर दोघांच्या सोंगट्या बसू शकतात का, जोडीने चालणाऱ्या सोंगट्या एकट्या सोंगटीने मरतात का, याची उत्तरे घरागणिक बदलतात आणि पाहुणी आली की डाव मांडण्यापूर्वी ती ठरवून घ्यावी लागतात. संगणकाला यांतील एकच उत्तर निवडावे लागते, आणि निवडले की तो वाद मिटतो. पुण्यातील किंवा उद्या हुबळीतील एखाद्या रचनाकाराने हा खेळ घडवायला घेतला, तर चित्रांच्या आधी त्याला हे ठरवावे लागेल की नियम ठरवण्याचा हा पहिला डाव खेळाडूंच्या हाती कसा ठेवायचा. कारण 'आमच्याकडे असे चालत नाही' असे म्हणून पट अडवण्याची मुभा आजवरच्या पडद्यांनी फारशी कोणाला दिलेली नाही.